मॉडेलकामासाठी छोटा व्हाइस निवडताना

एक मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचं टोक कानशीने सपाट करायचं आहे. तार एका हातात आणि कानस दुसऱ्या हातात धरून हे काम धड होत नाही. तार बोटांत फिरते, वाकते, आणि कानस दर वेळी वेगळ्या कोनातून चालते. तीच तार व्हाइसमध्ये पकडून चार मिलिमीटर बाहेर ठेवली की दोन्ही हात कानशीला मिळतात, एक मुठीवर आणि दुसरा टोकावर. पाच-सहा वेळा कानस पुढे सारली की टोक सपाट.

मॉडेल करणारी मंडळी चाकू, चिमटे, रंग, एअरब्रश यांवर भरपूर डोकं खपवतात आणि व्हाइस मात्र हार्डवेअरच्या दुकानात समोर येईल तो उचलतात. मग त्याच्या दातांचे ठसे प्लास्टिकवर उमटतात, कानस मारताना टेबलासकट सगळं हलतं, आणि चार महिन्यांनी तो कपाटाच्या तळाशी जातो. दोष बहुधा व्हाइसचा नसतो. तो लोहारकामाच्या हिशेबाने निवडलेला असतो आणि काम असतं नाजूक. मॉडेलकामाच्या व्हाइसने वस्तू सरळ धरावी आणि हलकेच धरावी. ताकदीचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी काम कोणतं ते पाहा

प्लास्टिकचे किट जोडणाऱ्याला, म्हणजे 1:72 ची विमानं किंवा 1:35 चे रणगाडे करणाऱ्याला, व्हाइसची गरज सगळ्यात कमी. किटचे सुटे भाग हातातच नीट धरता येतात. व्हाइस लागतो तो सळई कापायला, धातूची नळी घासायला, पितळी पत्र्याचा तुकडा दुमडायला. अशा कामाला 40 ते 50 मिलिमीटर रुंद जबड्यांचा व्हाइस पुरतो.

रेल्वेवाल्यांचं तसं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. ते पाहून आलेल्या कुणाच्या घरात रूळ पसरले, की त्या घरात व्हाइस येणार हे नक्की. 1:87 च्या एचओ मापात रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर असतं, आणि कोड 100 म्हणून विकला जाणारा रूळ जेमतेम अडीच मिलिमीटर उंच असतो. हा रूळ बारीक करवतीने काटकोनात कापायचा, कापलेलं टोक घासायचं, त्याला तार सोल्डर करायची, ही सगळी कामं व्हाइसवरची. 1:160 च्या एन मापात तर रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटरच उरतं, आणि हातात काही धरण्याचा प्रश्नच मिटतो.

जहाजं करणाऱ्यांना लाकडी पट्ट्या, डोलकाठ्या आणि छोटे ठोकळे धरायचे असतात. त्यांना रुंद जबडा आणि जास्त उघडणारा व्हाइस सोयीचा. इमारतींच्या प्रतिकृती करणाऱ्यांना अॅक्रिलिक आणि एमडीएफच्या कडा घासायच्या असतात. त्यांचं काम व्हाइसपेक्षा क्लॅम्पवर जास्त चालतं.

खरी ताकद एकाच गटाला लागते, उडणारी विमानं करणाऱ्यांना. विमानाच्या चाकांचे पाय पियानो वायरने करतात. ही कडक पोलादी तार दोन-तीन मिलिमीटर जाडीची असली तरी ती व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवावी लागते. टेबलाला नुसता अडकवलेला छोटा व्हाइस तिथे तारेआधी स्वतःच फिरतो. हे काम वारंवार करायचं असेल तर बोल्टने बसवायचा 75 मिलिमीटरचा व्हाइस घ्या. आणि तार जबड्याच्या धारदार कोपऱ्यावर वाकवू नका. कोपऱ्याला कानशीने थोडी गोलाई द्या, नाहीतर वाकवल्या जागी तारेला चीर जाते.

खोक्यावरचे आकडे

व्हाइसचं माप म्हणजे त्याच्या जबड्याची रुंदी. 50 मिलिमीटरचा व्हाइस किती उघडतो हा वेगळा आकडा, आणि तो खोक्यावर असेलच असं नाही. दुकानात पूर्ण उघडून पट्टीने मोजावा. तिसरं माप कुणीच सांगत नाही, आणि मॉडेलकामात तेच महत्त्वाचं ठरतं: जबड्याच्या वरच्या कडेपासून खालच्या सरकत्या दांड्यापर्यंतची खोली. ही खोली 20 मिलिमीटर असली तर उभा धरलेला रुंद पत्रा 20 मिलिमीटरवर खाली टेकतो, आणि बाकीचा वर लटपटत राहतो. लहान व्हाइसमध्ये ही खोली कमीच असते, पण 50 मिलिमीटरच्याच दोन व्हाइसमध्ये तिचा चांगला फरक सापडतो.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात टेबलाच्या कडेला अडकवायच्या छोट्या व्हाइसला बेबी व्हाइस म्हणतात. मागताना तेच नाव घ्या, नाहीतर समोर सहा इंची फिटरचा व्हाइस येतो.

दोन बोटांत दीडशे किलो

छोटा व्हाइस किती दाब देतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कागदावर साधा हिशेब मांडून पाहा. आवळायच्या दांड्याचं टोक स्क्रूच्या मध्यापासून 60 मिलिमीटरवर आहे. एका फेऱ्यात हात साधारण 377 मिलिमीटरचं वर्तुळ फिरतो. तेवढ्यात जबडा एका आट्याएवढा, समजा 3 मिलिमीटर, पुढे सरकतो. म्हणजे हाताचा जोर सव्वाशे पट झाला. दांड्याच्या टोकावर पाच किलोंचा जोर दिला तर जबड्यावर कागदोपत्री सहाशेच्या वर किलो. आट्यांमधलं घर्षण त्यातलं तीन चतुर्थांश खातं असं धरलं तरी दीडशे किलो उरतात.

हा दीडशे किलोंचा दाब तीन मिलिमीटरच्या पोकळ पितळी नळीवर एका रेषेत येतो. नळी चपटी झाली तर नवल नाही. पॉलिस्टायरीनचं तर बोलायलाच नको.

म्हणून मॉडेलकामात दांडा टोकाला धरायचाच नाही. स्क्रूजवळ, दोन बोटांनी धरून फिरवायचा, आणि वस्तू हलायची थांबली की थांबायचं. काहीजण लांब दांडा काढून त्या भोकात बोटभर लांबीची खिळ्यासारखी सळई घालतात. फार उत्तम युक्ती. आट्यांची जवळीकही पाहावी. बारीक आटे असलेला स्क्रू जबडा सावकाश सरकवतो, आणि पकड कुठे थांबवायची हे बोटांना कळतं. पटकन बंद होणारा व्हाइस फिटरच्या कामाचा.

बैठक: क्लॅम्प, हवा की बोल्ट

व्हाइस टेबलाला कसा बसतो, यावर निम्मं काम ठरतं.

टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने आवळायचा क्लॅम्प हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा मार्ग. पुण्या-मुंबईत किती जणांकडे वेगळी कामाची खोली असते? जेवणाचं टेबल दुपारी वर्कशॉप होतं आणि रात्री आठच्या आत मोकळं करावं लागतं. क्लॅम्प घेण्याआधी आपल्या टेबलाच्या फळीची जाडी मोजा. बरेचसे छोटे व्हाइस 40 मिलिमीटरच्या आसपास थांबतात, काही 60 पर्यंत जातात. फळीच्या खाली कडेने पट्टी ठोकलेली असेल तर क्लॅम्पला टेकायला जागाच मिळत नाही, आणि ही गोष्ट घरी आल्यावर लक्षात येते. क्लॅम्पच्या चकतीखाली प्लायवूडचा तुकडा ठेवावा. टेबलाला खड्डा पडत नाही आणि दाबही पसरतो.

खाली रबराची चकती आणि बाजूला खटका असलेले व्हाइस हवेच्या दाबावर चिकटतात. चकतीचा व्यास 100 मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर, आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला किलोभर. म्हणजे उचलायला ऐंशी किलो लागतील असं गणित सांगतं. महाबळेश्वरला थोडे कमी. पण हे गणित पूर्ण पोकळीचं आणि सरळ वर ओढण्याचं आहे. खटका पूर्ण पोकळी कधीच करत नाही, आणि कानस ओढते आडवी, तीही चकतीपासून दहा-बारा सेंटिमीटर उंचीवर. चकतीची एक कड उचलली जाते, हवा आत शिरते आणि व्हाइस सुटतो. काच, ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत सनमायका असेल तरच या प्रकाराचा विचार करावा, तोही रंगकाम आणि सोल्डरिंगपुरता. खडबडीत कडाप्प्यावर किंवा पॉलिश न केलेल्या लाकडावर तो चिकटतच नाही.

बोल्टने कायमचा बसवलेला व्हाइस सगळ्यात पक्का, हे सांगायला नको. टेबलाला भोकं पाडायची नसतील तर 19 मिलिमीटर प्लायवूडची साधारण 300 बाय 200 ची फळी घ्यावी. व्हाइस तिच्यावर बोल्टने बसवावा, बोल्टची डोकी खालून फळीत बुडवावीत, आणि फळीच्या पुढच्या कडेला खालून एक आडवी लाकडी पट्टी ठोकावी. ही पट्टी टेबलाच्या कडेला अडते, म्हणून कानस पुढे सारताना फळी सरकत नाही. मागे एक जी-क्लॅम्प लावला की झालं. काम संपल्यावर फळी उचलून कपाटात. या फळीचा आणखी एक फायदा आहे. खाली पडलेले बारीक भाग फळीच्याच कडेशी सापडतात, जमिनीवर रांगावं लागत नाही.

बसवताना एवढं पाहा की व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. तो आत राहिला तर लांब सळई किंवा डोलकाठी उभी धरताच येत नाही, खाली टेबल आडवं येतं.

मान वळवणारे व्हाइस

गोल गुडघ्यावर बसवलेला, कोणत्याही दिशेला वळवता येणारा व्हाइस पाहिला की मॉडेलवाल्याचा जीव त्यावर जातोच. कल्पना जुनी आहे. ओतकामासाठी लाकडी साचे करणाऱ्या कारागिरांसाठी अमेरिकेतल्या एमर्टने वळणाऱ्या आणि झुकणाऱ्या व्हाइसचं पेटंट 1891 मध्ये घेतलं. त्या कारागिरांचं काम आपल्या कामाच्या फार जवळचं होतं: वेडेवाकडे आकार, लाकूड, आणि एकच वस्तू दहा बाजूंनी धरायची गरज. तो व्हाइस मात्र भला थोरला आणि वजनदार होता.

आजचे छोटे वळणारे व्हाइस हलके असतात. पॅनाव्हाइसच्या ज्युनियर मॉडेलचं डोकं 210 अंश झुकतं आणि 360 अंश फिरतं. प्रॉक्सन आणि ड्रेमेल यांचेही टेबलाला अडकवायचे, वळणारे व्हाइस मिळतात. सोल्डरिंग, रंग, बारीक कोरीवकाम, वायरिंग या कामांत यांच्यासारखी सोय नाही. मान न वाकवता वस्तू डोळ्यांसमोर आणता येते.

पण गोल गुडघा घर्षणावर थांबतो. कानशीचा जोर लागला की तो हळूहळू फिरतो, आणि कोन बिघडल्याचं कळतं तेव्हा घासून झालेलं असतं. जबडे प्लास्टिकचे असतील तर ते मॉडेलला जपतात, पण सोल्डरिंगची गरम टोकं त्यांच्यापासून दूर ठेवावी लागतात. माझं मत स्पष्ट आहे: हा दुसरा व्हाइस. पहिला नाही.

बीड, पोलाद आणि जस्त

स्वस्त व्हाइसचं अंग बिडाचं असतं. बीड दाब उत्तम सोसतं, ताण नाही. स्थिर जबडा जिथे अंगाला मिळतो तिथे आवळताना ताण येतो, म्हणून बिडाचे व्हाइस तुटतात ते त्याच जागी. दांड्यात पाइप घालून आवळणं किंवा छोट्या व्हाइसवर हातोडी चालवणं, ही तुटण्याची दोन खात्रीची कारणं. पोलादी अंगाचा व्हाइस महाग पडतो, पण तो तुटण्याआधी वाकतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो.

गोंधळ होतो तो जस्ताच्या मिश्रधातूच्या व्हाइसबाबत. हे साच्यात ओतलेले असतात, गुळगुळीत दिसतात, आणि जस्ताचं वजन बिडाच्या जवळपास असल्याने हातातही भरीव लागतात. वर रंग चढवला की फरक कळत नाही. खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं. बीड आणि पोलाद यांना ते चिकटतं. जस्त आणि अॅल्युमिनियमला चिकटत नाही. जस्ताचा व्हाइस वाईटच असतो असं नाही, चांगल्या कंपन्याही हलक्या कामासाठी तो करतात. पण आवळायचा स्क्रू थेट जस्तातच आटे पाडून बसवला असेल तर ते आटे लवकर झिजतात. आत पोलादी किंवा पितळी नट आहे का, हे खालून वाकून पाहावं.

बेंच व्हाइससाठी आयएस 2586 हे भारतीय मानक आहे. मोठ्या व्हाइसवर त्याचा उल्लेख दिसला तर चांगलंच. बेबी व्हाइसची परीक्षा मात्र स्वतःलाच करावी लागते.

दुकानात करायची परीक्षा

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर एकाच जातीचे चार व्हाइस समोर मांडायला सांगा. एकाच खोक्यातले चार नग चार तऱ्हांचे निघतात. घाई करणाऱ्या दुकानदाराला घाई करू द्या.

पहिली गोष्ट, व्हाइस पूर्ण बंद करून उजेडाकडे धरा. जबड्यांमधून उजेडाची रेघ दिसते का, आणि ती वर आहे की एका बाजूला, हे पाहा. वरच्या कडेला जबडे घट्ट मिळाले आणि खाली केसभर फट राहिली तर चालतं, कारण आवळल्यावर सरकता जबडा किंचित मागे कलतो. उलटं असेल, म्हणजे खाली मिळून वर फट असेल, तर तो व्हाइस बाजूला ठेवा. तो पातळ पत्रा कधीच धरणार नाही.

मग वर्तमानपत्राच्या दोन अरुंद पट्ट्या घ्या. एक जबड्याच्या डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला ठेवून हलकेच आवळा आणि दोन्ही ओढा. दोन्ही सारख्या जोराने अडल्या पाहिजेत. एक सहज निसटली तर जबडे समांतर नाहीत.

तिसरी परीक्षा सगळ्यात कठीण. पाच मिलिमीटरचा लाकडाचा तुकडा जबड्याच्या फक्त एका टोकाला धरा. प्रत्येक छोटा व्हाइस इथे थोडा तिरका होतोच. किती होतो ते पाहा. दुसऱ्या टोकाची फट डोळ्यांना ठळकपणे लहान दिसली तर सरकता दांडा त्याच्या खाचेत सैल आहे. घरी काम करताना यावर उपाय सोपा आहे, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा भरायचा. तरी पैसे देताना कमी तिरका होणाराच निवडावा.

शेवटी जबडा अर्धा उघडून हाताने वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडे थोडी हालचाल चालेल. उचलला जाणारा जबडा चालणार नाही, कारण तो आवळताना वस्तूलाही वर उचलतो. दांडा उलटा फिरवताना पाव फेरा रिकामा जातो, त्याने मात्र काही बिघडत नाही.

जबड्यांना अस्तर

व्हाइस कितीही चांगला असो, त्याचे खरखरीत दातेरी जबडे मॉडेलच्या कामाचे नाहीत. ते दात फिटरच्या लोखंडासाठी. दोन स्क्रूंनी बसवलेल्या, काढता येणाऱ्या पट्ट्या असतील तर सपाट पट्ट्या करून घ्याव्यात. छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनवाला हे काम पटकन करून देतो. जबडे अंगातच ओतलेले असतील तर वरून अस्तर चढवायचं.

सगळ्यात उपयोगी अस्तर अॅल्युमिनियमच्या अँगलचं. 25 बाय 25 मिलिमीटरचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा अँगल खिडक्यांची कामं करणाऱ्याकडे तुकड्यांत मिळतो. जबड्याच्या रुंदीचे दोन तुकडे कापा, कडा घासून बोथट करा, आणि एक बाजू जबड्यावर आडवी, दुसरी जबड्याच्या तोंडावर येईल असे ठेवा. पितळ, तांबं, प्लास्टिक, सगळं यात डाग न पडता धरलं जातं. अँगल निसटू नये म्हणून काहीजण मागे छोटी चुंबकं चिकटवतात. ती सोय आहे खरी, पण लोखंडाचा कीस त्यांच्याभोवती जमतो आणि पुढच्या कामात मॉडेलवर ओरखडे काढतो. दुहेरी चिकटपट्टी बरी.

लाकूड त्याहून मऊ. सागाचे किंवा शिसवाचे पातळ तुकडे घेऊन एकाच्या तोंडावर त्रिकोणी कानशीने 60 अंशांची उभी खाच पाडा, आणि तशीच आडवी खाच दुसऱ्यावर. मग उभी किंवा आडवी नळी धरताना दाब दोन-तीन रेषांवर वाटला जातो आणि ती फिरत नाही. तीन-चार मापांच्या खाचा एकाच तुकड्यावर करून ठेवल्या तर वर्षानुवर्षं पुरतात. नळी अगदीच पातळ असेल तर आत बसेल अशी सळई किंवा बांबूची काडी घालून मगच धरावी.

चामडं आणि बुचाची शीट रंगवलेल्या भागांसाठी चांगली. जुन्या पट्ट्याचं चामडं, खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवलेलं, उत्तम पकड देतं. रबर टाळावं. स्लिपरचा किंवा ट्यूबचा तुकडा मऊ लागतो म्हणून लोक तोच घालतात, पण रबर दबतं आणि परत उसळतं. कानशीच्या प्रत्येक फेऱ्याला वस्तू मागेपुढे डोलते आणि सपाट काही घासलंच जात नाही.

सोल्डर करताना वेगळी अडचण येते. धातूचे जबडे उष्णता ओढून घेतात, आणि पितळेचा छोटा भाग कितीही वेळ तापवला तरी कथील धड वितळत नाही. तिथे लाकडी अस्तर वापरावं. थोडं करपतं, पण स्वस्त आहे. उलट, आधी सोल्डर केलेला सांधा सुटू नये म्हणून उष्णता अडवायची असेल तेव्हा अॅल्युमिनियमचं अस्तर मुद्दाम त्या सांध्यालगत धरावं. एकाच व्हाइसकडून दोन्ही कामं होतात.

कोरलेला पातळ पितळी पत्रा, पाव मिलिमीटरचा, दुमडायचा असेल तर जबड्यांवर भरवसा ठेवू नये. दोन सरळ पोलादी पट्ट्यांमध्ये दुमडीची रेघ बरोबर कडेला आणून पत्रा ठेवावा, त्या पट्ट्या व्हाइसमध्ये आवळाव्यात, आणि तिसऱ्या पट्टीने पत्रा पूर्ण लांबीवर एकदम दाबून वळवावा. बोटाने वळवला तर मधे फुगतो. जुन्या पोलादी फूटपट्टीचे तुकडे या कामाला छान.

ड्रिलखाली वेगळा व्हाइस

टेबलावरचा बेबी व्हाइस ड्रिलच्या स्टँडखाली बसत नाही, आणि बसवूही नये. ड्रिलसाठी सपाट बुडाचा व्हाइस घ्यावा. त्यातला टूलमेकरचा व्हाइस मॉडेलवाल्याच्या फार कामाचा. हा पोलादी ठोकळा सगळ्या बाजूंनी घासून काटकोनात केलेला असतो. त्याचा आवळायचा स्क्रू तिरका असल्याने सरकता जबडा पुढे येताना खालीही ओढला जातो, म्हणून वस्तू वर उचलली जात नाही. कुशीवर ठेवला तरी काटकोन तोच राहतो. उघडझाप सावकाश असते, कारण मोठी सरक खाच बदलून करावी लागते. घाईच्या कामाचा नाही तो. हाच व्हाइस मोठ्या व्हाइसमध्ये धरला तर टेबलावरचं बारीक कामही होतं.

पितळी पत्र्याला ड्रिल करताना तो कधीही हाताने धरू नका. ड्रिल पत्र्यातून पार होताना आट्यासारखं रुततं आणि पत्रा पात्याच्या वेगाने फिरतो. बोट कापायला तेवढं पुरतं.

पिन व्हाइस आणि हँड व्हाइस

नावात व्हाइस असला तरी पिन व्हाइस हे हाताने फिरवायचं ड्रिल. त्यात मिलिमीटरच्या आतले ड्रिल धरतात. तो वेगळा घ्यावाच लागतो आणि टेबलावरच्या व्हाइसऐवजी तो चालत नाही. हँड व्हाइस म्हणजे मुठीत धरायचा छोटा व्हाइस. पॉलिश करताना सतत फिरवायचे भाग त्यात छान धरले जातात.

जुन्या बाजारातला

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी, घड्याळजी किंवा रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या दुकानांतून आलेले छोटे व्हाइस कधीमधी सापडतात. जुन्या पोलादी व्हाइसची सरक आजच्या स्वस्त नव्या मालापेक्षा पुष्कळदा बरी असते. वरचा गंज बघून हटू नका, तो रॉकेल आणि तारेच्या ब्रशने जातो. नव्याने रंग दिलेला व्हाइस मात्र संशयाने पाहा. स्थिर जबड्याच्या मुळाशी नखाने रंग खरवडा. डाग देऊन जोडलेली चीर तिथेच असते. दांडा फिरवून एक पूर्ण फेरा रिकामा गेला तर नट संपला समजा.

उंची आणि तेल

उभ्याने काम करणारा फिटर व्हाइस कोपराच्या उंचीवर बसवतो. मॉडेलकाम बसून आणि डोळे जवळ नेऊन होतं, म्हणून जबडे छातीच्या उंचीला यायला हवेत. टेबल कमी पडत असेल तर फळीखाली लाकडी ठोकळा द्यावा, पाठ वाकवू नये.

कोकणात आणि गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडं बीड आठवड्यात तांबूस होतं. शिलाई मशीनचं तेल कापडाच्या बोळ्याला लावून जबडे आणि सरकता दांडा पुसावा, स्क्रूला मात्र ग्रीस. जास्त तेल नको. प्लास्टिकचा आणि पितळेचा कीस त्यात बसून आटे घासतो, आणि तेलाचा डाग लागलेल्या भागावर नंतर रंग धरत नाही. काम झाल्यावर ब्रशने कीस झाडा. फुंकर मारू नका, तो डोळ्यांत जातो.

काय घ्यावं

पहिलाच व्हाइस घेत असाल तर टेबलाला अडकवायचा, 50 ते 60 मिलिमीटर जबड्याचा, बिडाचा किंवा जमल्यास पोलादी, आणि वर सांगितलेल्या कागदाच्या परीक्षेत उतरलेला घ्या. सपाट, बदलता येणाऱ्या जबडापट्ट्या असतील तर थोडे जास्त पैसे द्या. उरलेल्या पैशांतून अॅल्युमिनियमचा अँगल, सागाचे तुकडे आणि चामडं आणा. या मापाचे व्हाइस काही शे रुपयांपासून मिळतात, आणि अस्तराचा सगळा खर्च शंभर-दोनशेच्या घरात बसतो. वळणारा व्हाइस वर्षभराने घ्या, तोपर्यंत त्याची खरंच गरज आहे का तेही कळेल. उडणारी विमानं करणाऱ्यांनी मात्र सुरुवातच बोल्टच्या 75 मिलिमीटरपासून करावी. आणि व्हाइस खोक्यातून बाहेर काढून पाहू न देणाऱ्या दुकानदाराकडून तो घेऊ नका.